स्त्रीचें नांव कोणत्या खात्यावर?

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, इंदापुराहून अकलूजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बावडा हें गांव आहे. जवळून नीरा वाहते आणि नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका सुरू होतो. या रस्त्यानें वर्षांतून दोनदां स्त्रियांचे मोठे समुदाय जातात. आषाढवारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी इंदापुराहून निघून बावड्यावरून सराटीस येते. तेथें नीरेच्या पाण्यांत पादुकांना स्नान घडतें आणि मग पालखी अकलूजची वाट धरते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वारकरी स्त्रिया तेव्हां दिंड्यांतून चालतात आणि वाटेवरचीं घरें त्यांच्या पायांवर डोकें ठेवितात. दुसरा समुदाय दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो. बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ट्रक व ट्रॅक्टर भरून माणसें येतात. बरोबर चुलीचें सामान, गोधड्या, शेळ्या आणि लेकरें असतात. हीं माणसें ऊंस तोडावयास आलेलीं असतात.

पहिल्या समुदायांतील स्त्रीला 'माउली' म्हणून हाक मारण्याची रीत आहे. दुसऱ्या समुदायांतील बाईला कोणत्या नांवानें ओळखतात हें पाहावयाचें तर मुकादमाची वही उघडावी लागते. त्या वहींत तिचें नांव सहसा सांपडत नाहीं. तेथें 'कोयता' सांपडतो.

कोयता हें ऊंस तोडण्याचें हत्यार. परंतु साखरधंद्याच्या व्यवहारांत तें एका मापाचेंहि नांव झालें आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. पुरुष एकटा आला तर तो अर्धा कोयता. मुकादम टोळी बांधतो ती इतक्या कोयत्यांची. कारखान्याकडून आलेल्या पैशांतून तो हंगामाआधीं उचल देतो ती दर कोयत्यामागें. आणि हंगाम सरतांना जो हिशेब होतो तोहि कोयत्याचाच. उचल हातांत पडते नवऱ्याच्या, फिटते ती मात्र दोघांच्या अंगमेहनतीनें. बायको आजारी पडली, बाळंत झाली किंवा पाळीच्या दुखण्यानें एखादा दिवस कोपींत बसून राहिली, तर त्या दिवसाचा खाडा धरून पैसे कापून घेण्याची चाल कित्येक टोळ्यांत आहे. मजुरी ठरवितांना जिचें वेगळें अस्तित्व कोणास दिसत नाहीं, तिची गैरहजेरी मात्र तत्काळ दिसते, असा हा विपर्यास आहे.

आणि तिचें काम तरी अर्ध्या वांट्याचें आहे काय? पहांटे उठून कोपीपुढच्या चुलीवर भाकऱ्या थापावयाच्या, पाणी आणावयाचें, लहानग्याला बरोबर घेऊन फड गांठावयाचा आणि त्याला बांधावर कापडाच्या झोळींत टाकावयाचें. नवऱ्याबरोबर तीहि ऊंस तोडते. नंतर वाढें वेगळें करणें, मोळी बांधणें आणि ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत, कधीं फळीवरून ट्रकच्या माथ्यापर्यंत चढविणें, हें बहुतेक तिच्याच वांट्यास येतें. जोडप्यानें मिळून दिवसाकांठीं दीड-दोन टन ऊंस पाडावा लागतो. रात्रीं परतल्यावर चूल पुन्हां तिचीच वाट पाहत असते. पूर्ण कोयता झाला तरच पुरती उचल मिळते म्हणून मुलांचीं लग्नें हंगामाआधीं उरकण्याची घाई होते, आणि शाळेच्या वयाची मुलगी नवऱ्याबरोबर फडांत उतरते. बालविवाहाचीं कारणें शोधणारांनीं रूढीबरोबर या हिशेबाचीहि चौकशी करावयास हवी.

या हिशेबाची अत्यंत क्रूर बाजू २०१९ सालीं उजेडांत आली. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांसंबंधीं वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हां राज्य सरकारनें श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. ज्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. म्हणजे साधारणपणें सहा जणींमागें एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत हेंच प्रमाण शेंकडा तीनच्या आसपास होतें. फडावर आडोसा नाहीं, कोपीजवळ पुरेसें पाणी नाहीं, डोक्यावर मोळीचें ओझें आणि मनांत खाड्याची धास्ती. अशा स्थितींत अंगावरून पांढरें जाणें किंवा पोट दुखणें यांसारख्या, औषधानें बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला तरुण स्त्रीलाहि सोयीचा वाटूं लागतो. कर्करोगाची भीति घालणारे कांहीं डॉक्टरहि या साखळींत होते. कारखाना, मुकादम, दवाखाना आणि घर, यांपैकीं प्रत्येकाला हात झटकतां येतात, कारण ती बाई कोणाच्याच खात्यावर स्वतंत्र मजूर म्हणून नोंदलेली नसते.

मजुरीची नोंद निराळ्या रीतीनेंहि ठेवतां येते, हें याच महाराष्ट्रानें करून दाखविलें आहे. बारामती-इंदापूरच्या ज्या पट्ट्यांत कालव्याचें पाणी फिरलें तेथें ऊंस उभा राहिला. कालव्याच्या वरचा माळ मात्र अवर्षणाचाच राहिला. १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर लाखों माणसें खडी फोडावयास, पाझर तलाव खणावयास आणि रस्ते बांधावयास गेलीं, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. वि. स. पागे यांच्या विचारांतून निघालेली रोजगार हमी योजना या अनुभवानें पक्की झाली. तिचा कायदा १९७७ सालीं झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. त्या कामावरच्या हजेरीपटावर बाईचें नांव स्वतंत्र ओळींत लिहिलें जाई. मजुरीचा दर कामाच्या मापावर होता आणि तो पुरुषास एक व स्त्रीस एक असा नव्हता. लेकरांसाठीं पाळणाघराची तरतूदहि होती. खोटे हजेरीपट, थकलेली मजुरी, कागदावरचीं पाळणाघरें, या तक्रारी पुढें पुष्कळ झाल्या व त्या खऱ्या होत्या. तथापि आपल्या नांवापुढें अंगठा उठवून स्वतःच्या हातांत पैसे घेण्याचा अनुभव खेड्यांतील अनेक स्त्रियांना पहिल्यानें तेथें आला.

दुष्काळाचें तेंच १९७२ साल बावड्याच्या नांवाशीं आणखी एका कारणानें जोडलेलें आहे, आणि तें कारण गांवाला भूषणावह नाहीं. त्या वर्षीं बावड्यांतील दलित वस्तीवर गांवानें सामाजिक बहिष्कार टाकला आणि त्याचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले. बहिष्कार हा शब्द ऐकतांना पुरुषांच्या मानापमानाचा, चावडीवरच्या तंट्याचा वाटतो. घरांत तो चुलीपासून सुरू होतो. बहिष्कार म्हणजे वाण्यानें मीठ-मिरची न देणें, गिरणीवाल्यानें दळण न घेणें, पाणवठ्याची वाट बंद होणें, शेतावर निंदणी-खुरपणीस कोणी न बोलावणें, सरपणासाठीं बांधावर पाय ठेवूं न देणें. यांतलें कोणतें काम घरांतील पुरुष करतो? शिक्षा साऱ्या वस्तीला असते. तिचा रोजचा हप्ता बाई भरते.

त्याच सुमारास परभणी जिल्ह्यांतील ब्राह्मणगांवीं, पाण्यावरून, दोन दलित स्त्रियांना विवस्त्र करून त्यांची धिंड काढण्यांत आली. बावडा आणि ब्राह्मणगांव या दोन घटनांनीं मुंबईंतील दलित तरुण पेटून उठले आणि त्या उन्हाळ्यांत 'दलित पँथर' ही संघटना जन्मास आली. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त पुण्याच्या 'साधना' साप्ताहिकानें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं जो अंक काढला, त्यांत राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख होता. ढाले यांनीं दोन आंकडे शेजारीं ठेविले: राष्ट्रध्वजाचा अपमान केल्यास दंड तीनशें रुपये, आणि दलित स्त्रीची अब्रू घेतल्यास पन्नास रुपये. त्यापुढें ध्वजाविषयीं त्यांनीं जे शब्द वापरले त्यांवरून महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषींनीं निषेध केला, मोर्चे निघाले, पत्रांचे ढीग पडले.

या वादळाचें एक अंग फारसें कोणी पाहिलें नाहीं. सारा वाद ध्वजाचा झाला. तीनशें रुपयांच्या बाजूनें आणि विरुद्ध पानेंच्या पानें भरलीं. पन्नास रुपयांची बाजू चर्चेंतून जवळजवळ निघून गेली. ढाले यांचें नांव घरोघर गेलें, तें जावयासच हवें होतें. पण ब्राह्मणगांवच्या त्या दोन स्त्रियांचें पुढें काय झालें, त्यांच्या घरांत कोण होतें, पाणी त्यांना कुठून मिळूं लागलें, हें विचारण्याची बुद्धि फार थोड्यांना झाली. त्या घटनेचा विषय राहिल्या, व्यक्ति राहिल्या नाहींत. पुढें १९८९ सालीं जो अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, त्यांत अनुसूचित जाति-जमातींतील व्यक्तीस विवस्त्र करून धिंड काढण्यास किमान सहा महिने व कमाल पांच वर्षें कैद सांगितली गेली; आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ सालीं स्वतंत्र कायदा संमत केला, ज्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. पन्नास रुपयांपासून येथवर यावयास लागलेला काळ पाहिला म्हणजे कायद्याची चाल किती मंद असते तें ध्यानांत येतें.

स्त्रीवरील अन्यायाची बातमी व्हावी आणि बातमींतून स्त्रीच निसटावी, हा प्रकार मराठी वृत्तपत्रसृष्टीला नवा नव्हता. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हां 'पुणेंवैभव' पत्रानें त्या निमित्तानें समग्र स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. ज्या पुरुषामुळें ती त्या स्थितीस आली तो कोण, हा प्रश्न लेखणीच्या टप्प्यांत आला नाहीं. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' हें पुस्तक लिहिलें. त्यांनीं विजयालक्ष्मीचा बचाव करून थांबावें असें झालें नाहीं. जे दोष स्त्रीचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषांत अधिक नाहींत काय, असा उलट हिशेब त्यांनीं मांडला. महात्मा फुल्यांनीं त्यांची बाजू घेतली, इतरांनीं इतका गिल्ला केला कीं ताराबाईंनीं पुन्हां पुस्तक लिहिलें नाहीं. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुनः प्रसिद्ध करीपर्यंत नव्वदांहून अधिक वर्षें हें पुस्तक जवळजवळ अज्ञातवासांत होतें.

धर्माचा हिशेब इतका सरळ नाहीं. वारकरी पंथांत जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई यांचे अभंग मोठ्या प्रेमानें गाइले जातात, आणि तुकोबांना गुरु मानणाऱ्या बहिणाबाईंनीं आपल्या संसारांतील नवऱ्याचा विरोध अभंगांतच सांगून ठेविला आहे. सराटीच्या वाळवंटांत उभी राहणारी वारकरीण घरांतून पंधरा-वीस दिवस बाहेर पडलेली असते, आणि तें स्वातंत्र्य तिला दुसरें कोणी सहसा देत नाहीं. तरीहि डोक्यावरची तुळस बाईची आणि गळ्यांतील वीणा बहुधा पुरुषाची, ही वांटणी कायम आहे. फडाची गादीहि बापाकडून मुलाकडे जाते. (ऊंसाचाहि फड आणि वारकऱ्यांचाहि फड, दोन्हींकडे मालकी पुरुषाचीच, हा योगायोग शब्दांचाच नसावा.) मंदिरप्रवेशाचा महाराष्ट्राचा कायदा १९५६ चा, पण शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जातां यावें म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला २०१६ सालीं बजावावें लागलें आणि त्या वर्षीं गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. विधवेचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें या चालींविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव केला व सरकारनें तो इतर गांवांपुढें आदर्श म्हणून ठेविला. ठराव झाला म्हणजे चाल गेली असें नव्हे. परंतु जी गोष्ट धर्म म्हणून चालली होती ती ग्रामसभेंत मत घेऊन बदलतां येते, एवढें हेरवाडनें दाखविलें.

ग्रामसभा आली म्हणजे राजकारण आलें, आणि येथें बारामतीकडे वळणें प्राप्त आहे. काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ सालीं पुणें जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. १९४० च्या डिसेंबरांत बाळंत झाल्यावर तीनच दिवसांचें मूल घेऊन त्या बोर्डाच्या सभेस गेल्या, असें त्या मुलानें, म्हणजे शरद पवार यांनीं, 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. आईपणाची रजा कोण देणार? बोर्डाच्या खात्यावर तशी सदस्या असण्याची कल्पनाच नव्हती.

आज स्थिति बदलली आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ति २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली आणि पंचायतींतील एक-तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं तें प्रमाण अर्ध्यावर नेलें. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, अशी थट्टा गांवोगांव होते. ती निराधार नाहीं. पण थट्टा करणारांना पूर्वींचा, म्हणजे सहीहि पुरुषाची असतांनाचा कारभार आठवत नसावा. नवरा सरपंचाच्या खुर्चीशेजारीं बसतो याचा दोष खुर्चीवर बसलेल्या बाईच्या माथीं मारणें हा अजब न्याय होय. मोठ्या घराण्यांत प्रश्न निराळा असतो. बावडा-लाखेवाडी या जिल्हा परिषद गटांत २०१९ सालीं रत्नप्रभादेवी पाटील यांच्या निधनामुळें पोटनिवडणूक झाली आणि त्यांची नात अंकिता पाटील निवडून आल्या. आजीनंतर नात, ही परंपरा पुरुषांच्या घराणेशाहीहून वाईट म्हणावी असें कारण नाहीं, चांगलीहि म्हणतां येणार नाहीं. बातम्यांतून मात्र दोघींची ओळख बहुधा माजी मंत्र्यांची आई आणि माजी मंत्र्यांची कन्या अशीच झाली.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकींत तर हें फार उघड दिसलें. बावडा ज्यांत मोडतें त्या बारामती मतदारसंघांत दोन स्त्रिया परस्परांविरुद्ध उभ्या होत्या. सुप्रिया सुळे २००९ पासून तेथून निवडून येत होत्या. सुनेत्रा पवार यांचें नांव काटेवाडीच्या ग्रामस्वच्छतेच्या कामाशीं जोडलेलें होतें. दोघींच्या कामाची तुलना करावयास पुष्कळ साधनसामग्री होती. वर्तमानपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें मथळा निवडला तो 'नणंद विरुद्ध भावजय' असा. प्रचारांतहि लेक कीं सून, मूळची पवार कीं बाहेरून आलेली पवार, असे भेद निघाले. चुलतभाऊ परस्परांविरुद्ध उभे राहतात तेव्हां ते दोन पक्षांचे उमेदवार असतात. स्त्रिया उभ्या राहिल्या कीं तें घरांतील भांडण होतें. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनीं निवडून आल्या आणि पवार पुढें राज्यसभेवर गेल्या. नात्याचा मथळा मात्र दोघींनाहि चिकटला. त्याच वर्षीं विधानसभेच्या २८८ जागांवर निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या होती २१. लोकसभा-विधानसभांत एक-तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ति २०२३ सालीं झाली, परंतु ती जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्या गांठीला बांधली गेली.

निवडणुकीपेक्षां या भागांत जिचें वजन दैनंदिन व्यवहारांत अधिक, ती सत्ता म्हणजे साखर कारखान्याची. कारखान्याचा ऊंस-उत्पादक सभासद व्हावयाचें तर नांवावर शेत हवें. सातबारा पुरुषाच्या नांवाचा, म्हणून भाग पुरुषाचा, म्हणून मतहि पुरुषाचें. संचालक मंडळांत स्त्रियांसाठीं दोन जागा राखीव असतात. पण मतदारांच्या यादींतच जी थोडी, तिच्या दोन जागांना कितीसा आवाज असणार? महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्रानें २००५ सालीं मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाइतका वांटा दिला. तेव्हांपासून गांवच्या तलाठ्याकडे हक्कसोडपत्रांचें काम वाढलें. माहेर तुटूं नये म्हणून बहीण सही करते आणि भाऊ साडीचोळी करतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर बायकोच्या नांवें जमीन करण्याची चळवळ चालविली, आणि १९९२ सालीं सरकारनें लक्ष्मीमुक्ति योजनेखालीं सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचें नांव लावण्याची सोय केली. अर्ज मात्र पतीनें करावयाचा.

१ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव महाराष्ट्रांत आतां स्वतःचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव अशा क्रमानें लिहावयाचें आहे. ऊंसतोड मजुरांच्या नांवनिशीवार नोंदणीचा आणि ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रें देण्याचा निर्णयहि २०२१ सालीं झाला. कोपींत जन्मलेल्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर तिच्या आईचें नांव येईल. त्या आईच्या उचलीचा करार अजून कोयत्याचाच आहे. स्त्रियांच्या संघटनांचें मागणें एवढेंच आहे कीं, करारावर दोघांचीं नांवें वेगळीं लिहावींत, बाईच्या वांट्याची मजुरी तिच्या स्वतःच्या बँकेच्या खात्यावर भरावी, आणि पाळींतील किंवा बाळंतपणांतील दिवसांना खाडा म्हणूं नये.